आधी राख, मग प्रतीक : होलोकॉस्टची आठवण पहिल्यांदा वाचताना

मराठीत आपण सहज बोलून जातो, 'स्वप्नांची राखरांगोळी झाली.' धंदा बुडाला तरी म्हणतो, मुलाची ॲडमिशन हुकली तरी म्हणतो. त्या शब्दातली राख कुणालाच दिसत नाही, वापरून वापरून ती केव्हाच विझली आहे. नाझींच्या छावणीतून वाचलेले ज्यू लेखक एली वीझेल यांच्या 'नाइट' या आठवणींच्या पुस्तकातही स्वप्नांची राख झाल्याचं एक वाक्य आहे. ते ज्याच्याबद्दल आहे, तो पंधरा वर्षांचा मुलगा, म्हणजे एली स्वतः, नुकताच आगीच्या खड्ड्याच्या दिशेने चालत गेला होता. खड्डा दोन पावलांवर राहिला, तेव्हा त्याच्या रांगेला डावीकडे वळायला सांगण्यात आलं. त्याआधी एका ट्रकमधून लहान मुलं आगीत टाकली जाताना त्याने पाहिली होती. त्या वाक्यातली राख विझलेली नाही.

ज्याने नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल, म्हणजेच होलोकॉस्टबद्दल, शाळेच्या इतिहासात एखाददुसरा परिच्छेद वाचला आहे आणि आता छावणीतून जिवंत परतलेल्या माणसाचं पुस्तक पहिल्यांदाच हातात घेतलं आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. आमच्या वाचनकट्ट्यावर आम्ही 'नाइट' दोनदा वाचलं. पहिल्या वेळी प्रतीकं शोधत सुटलो. रात्र म्हणजे अज्ञान, आग म्हणजे द्वेष, आरसा म्हणजे आत्मपरीक्षण. वहीची दोन पानं भरली. मग एका निवृत्त शिक्षिकेने विचारलं, "या यादीत त्सिपोरा कुठे आहे?" कुणालाही पटकन आठवेना. त्सिपोरा म्हणजे लेखकाची सात वर्षांची धाकटी बहीण. छावणीत पोचताच जी कायमची दुरावते, ती आमच्या दोन पानांत कुठेच नव्हती. त्या दिवशी घरी जाताना मला फार लाज वाटली. दुसऱ्या वाचनात आम्ही जी रीत धरली, ती इथे सांगते.

पेन्सिल उचलण्याआधी

एक कागद घ्या आणि त्यावर गाव, तारखा आणि माणसं लिहा. तोच पुस्तकात खूण म्हणून ठेवा.

गाव सिगेट, कार्पेथियन डोंगरांतलं. आज ते रोमानियात आहे, १९४० मध्ये ते हंगेरीकडे गेलं होतं. मार्च १९४४ मध्ये जर्मनीने हंगेरीचा ताबा घेतला. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यू गाड्यांत कोंबून पाठवले गेले, बहुतेक सगळे जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या ऑशविट्झ-बिर्केनाऊ या संहारछावणीला. वीझेल कुटुंब मे महिन्यात गेलं. वडील श्लोमो, आई सारा, दोन मोठ्या बहिणी, मधला एली आणि धाकटी त्सिपोरा. बिर्केनाऊच्या फलाटावर पुरुष एकीकडे आणि बायका दुसरीकडे झाल्या. आई आणि त्सिपोरा यांना मारलं गेलं. वडील जानेवारी १९४५ च्या अखेरीस जर्मनीतल्या बुखेनवाल्डच्या छावणीत मरण पावले. ११ एप्रिल १९४५ ला ती छावणी मुक्त झाली. मोठ्या दोघी बहिणी जगल्या, पण छावणीतून सुटेपर्यंत एलीला ते ठाऊक नव्हतं.

एवढं समोर असलं की वाचताना एक साधा प्रश्न सतत विचारता येतो : हे वाक्य कुणाच्या जाण्याबद्दल आहे? 'मानवतेचा ऱ्हास' असं उत्तर मनात आलं, तर कागदाकडे पाहा आणि नाव शोधा.

अभिधेपाशी थांबा

अकरावी-बारावीच्या मराठीत आपण अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकलो. सरळ अर्थ लागू पडेनासा झाला, मुख्यार्थाला बाध आला, की लक्षणेकडे वळायचं. 'पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली' हे तिथलं ठरलेलं उदाहरण. लढाईत बांगड्या फुटत नाहीत, म्हणून आपण समजतो की माणसं पडली आणि घरोघरी विधवा झाल्या. पानिपतचीच बातमी नानासाहेबांना कळवणाऱ्या पत्रातली भाषा आपण लहानपणापासून ऐकत आलो : दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला याची गणती नाही. ज्या बातमीने ऐकणाऱ्याचं काळीज फाटेल, ती नाण्यांच्या भाषेत गुंडाळून पाठवली. मोठ्या संहाराबद्दल बोलताना रूपक दुःखावर पांघरूण घालतं, असं आपल्या कानाला इथून शिकवलं गेलं आहे.

छावणीच्या आठवणीत हा कान दगा देतो. 'मुलांचं धुरात रूपांतर होताना पाहिलं' असं वाचलं की मन लगेच लक्षणा शोधू लागतं. पण मुख्यार्थाला तिथे काहीही बाध आलेला नाही. शरीरं जाळली जात होती, धुराड्यातून धूर निघत होता, पोरगा तो बघत होता. बाध येतो तो आपल्या मनाला, कारण ते सहन होत नाही. म्हणून वाच्यार्थ सोडून घाईघाईने वर चढायचं नाही. वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे लिहा : इथे प्रत्यक्षात काय होतं? उजवीकडचा रकाना पहिल्या वाचनात रिकामाच राहू दे.

हा धडा खुद्द पुस्तकानेच आधी देऊन ठेवला आहे. गावातला गरीब मोइशे आधीच हद्दपार होतो, जंगलात माणसांना खड्डे खणायला लावून गोळ्या घातल्या जाताना पाहतो, पायाला गोळी लागून वाचतो, परत येतो आणि दारोदार जाऊन सांगतो. लोक म्हणतात, याला वेड लागलं, याला आपली कीव हवी आहे. पुढे गुरांच्या डब्यात श्रीमती शेख्टर नावाची बाई मध्यरात्री किंचाळते, "आग! ज्वाळा!" खिडकीबाहेर नुसता अंधार. लोक तिला बांधतात, तोंडात बोळा कोंबतात, मारतात, आणि तिचा लहान मुलगा शेजारी बसलेला असतो. गाडी बिर्केनाऊला पोचते तेव्हा समोर धुराडं आणि ज्वाळा. मोइशे आणि ती बाई, दोघांनीही शब्दशः खरं सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांनी त्यांच्या बोलण्याचा 'दुसरा' अर्थ लावला. वाचक म्हणून तुम्ही त्या डब्यात आहात आणि तुम्हालाही तोच मोह होणार, हे धरून चाला.

एक उतारा, सावकाश

आता त्या प्रसिद्ध उताऱ्याकडे वळा, छावणीतल्या पहिल्या रात्रीच्या. मूळ पुस्तक जवळ असेल तर उघडा. सात वाक्यं आहेत आणि प्रत्येकाची सुरुवात 'मी कधीही विसरणार नाही' अशी. शेवटी एकटा 'कधीही' उरतो. कट्ट्यावर आम्ही ती सातही वाक्यं फळ्यावर एकाखाली एक मांडली आणि प्रत्येकातली न विसरण्याची गोष्ट अधोरेखित केली. जे दिसलं ते असं.

पहिली, रात्र. दुसरा, धूर. तिसरे, मुलांचे छोटे चेहरे. चौथ्या, श्रद्धा गिळून टाकणाऱ्या ज्वाळा. पाचवी, जगण्याची इच्छा कायमची काढून घेणारी रात्रीची शांतता. सहावे, ज्यांनी देव मारला, आत्मा मारला आणि स्वप्नांची राख केली ते क्षण. सातव्यात 'या गोष्टी' एवढंच, आणि पुढे देवाइतकं जगण्याची शिक्षा झाली तरीही.

पहिल्या तीन वाक्यांत डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू आहेत. दुसरं वाक्य तर फक्त 'तो धूर' एवढंच आहे, त्याला उपमा नाही, विशेषण नाही. तिसऱ्यात मुलांची शरीरं मूक आकाशाखाली धूर होतात. यातला अलंकार शोधायला गेलात तर 'मूक' हा एकच शब्द सापडेल, बाकी सगळं घडलेलं आहे. चौथ्या वाक्यात वळण येतं : त्याच ज्वाळा आता श्रद्धा जाळतात. आधी खरी आग, मग त्याच आगीने जळलेली न दिसणारी गोष्ट. सहाव्यात 'राख' येते तेव्हा वरच्या पाच वाक्यांचा धूर तिच्यात उतरलेला असतो. हाच शब्द पहिल्या वाक्यात आला असता तर आपल्या राखरांगोळीसारखा पोकळ वाजला असता.

आणि सातवं वाक्य. 'शंभर वर्षं आयुष्य लाभो' हा आपला आशीर्वाद. इथे दीर्घायुष्य ही शिक्षा म्हणून येते. वाचलेल्याने काय गमावलं हे विचारत असाल, तर मला या साऱ्या उताऱ्यात सगळ्यात जास्त त्या एका क्रियापदाने हलवलं.

पहिल्या वाक्यातली रात्र 'सात वेळा मोहोर लावलेली' आहे. सात हा आकडा ज्यू परंपरेत जागोजाग येतो : सृष्टीचे सात दिवस, सातव्या दिवशीचा शब्बाथ, आणि जवळचं माणूस गेल्यावर घरात बसून पाळायचे शोकाचे सात दिवस, ज्यांना शिव्हा म्हणतात. उताऱ्यातली वाक्यंही सातच. त्या मुलाला शोक पाळायला ना घर होतं ना दिवस, म्हणून ही सात वाक्यंच त्याची शिव्हा झाली असं मला वाटतं. हा माझा अर्थ आहे, वीझेलनी तसं म्हटलेलं नाही. तुमच्या वहीतही अशी वाक्यं 'मला वाटतं' या शब्दांनीच सुरू व्हायला हवीत.

रात्रीबद्दल आणखी एक. गाइडांमध्ये 'रात्र म्हणजे अज्ञानाचा अंधकार' असं ठोकून दिलेलं असतं, आणि 'तमसो मा ज्योतिर्गमय' म्हणत वाढलेल्या आपल्याला ते लगेच पटतं. पुस्तकात मात्र रात्री मोजलेल्या आहेत : घरातली शेवटची, घेट्टोतली (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतली) शेवटची, गाडीतली शेवटची, बुनाच्या छावणीतली शेवटची. आधी त्या खऱ्या रात्री आहेत, त्यांना तारीख आहे. आणि बिर्केनाऊच्या त्या रात्री उजेड होता. ज्वाळांचा. तिथे उजेडच भयंकर आहे.

कुणाची राख?

मराठी घरातल्या वाचकाची इथे हमखास गफलत होते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना अग्नी आणि राख ओळखीची आहे. आपण अग्नी देतो, अस्थी गोळा करतो, नाशिकला नाहीतर पंढरपूरला जाऊन विसर्जन करतो. आपल्या मनात राखेशी निरोप जोडलेला आहे, थोडी शांतीही जोडलेली आहे. पारंपरिक ज्यू धर्मात देह जाळत नाहीत, पुरतात. कबर राहते, तिच्यावर नाव राहतं, वर्षश्राद्धासारखा दरवर्षी त्या दिवशी दिवा लागतो. हे समजायला युरोपात जायला नको. बेने इस्रायली मराठी बोलत कोकणात शतकानुशतकं राहिले. अलिबागजवळ नवगावला त्यांचं जुनं दफनस्थान आहे. जहाज फुटून बुडालेल्या पूर्वजांना तिथेच पुरलं, असं त्यांची परंपरा सांगते. किनाऱ्याला लागलेल्या अनोळखी प्रेतांनाही माती मिळाली, ही आठवण एका समाजाने किती जपून ठेवली आहे ते पाहा. मग बिर्केनाऊचा धूर वाचा. तिथे मेल्यानंतरची जागासुद्धा हिरावून घेतलेली आहे.

म्हणूनच कद्दिश कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. कद्दिश ही मृतासाठी म्हणायची प्रार्थना. आईवडील गेले की मुलगा ती अकरा महिने म्हणतो, आणि त्यासाठी किमान दहा जण जमावे लागतात. तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, सगळी ईश्वराची स्तुती आहे. फलाटावरून आगीकडे चालताना रांगेतले लोक कद्दिश म्हणू लागतात, आणि वीझेल लिहितात की माणसांनी स्वतःसाठीच कद्दिश म्हटल्याचं ज्यूंच्या इतिहासात आधी कधी घडलं असेल का, ठाऊक नाही. आपल्याकडे संन्यास घेणारा स्वतःचं श्राद्ध स्वतः घालतो, पण तो घर सोडायचं स्वतः ठरवून निघालेला असतो. हे लोक तसे निघालेले नव्हते, त्यांच्यामागे म्हणायला कुणी उरणार नाही हे त्यांना दिसत होतं. पुढे अकिबा ड्रूमर नावाचा कैदी 'निवडीत' जातो, म्हणजे कामाला निरुपयोगी ठरवून मारण्यासाठी वेगळा काढला जातो. जाताना मित्रांना विनवतो, तीन दिवसांनी धुराडं धुमसताना दिसेल तेव्हा माझ्यासाठी कद्दिश म्हणा. ते कबूल करतात. नंतरचे दिवस मार खाण्यात आणि राबण्यात जातात, आणि ते विसरतात. पुस्तक या विसरण्यावर एकही अलंकार खर्च करत नाही. दहाव्याला कावळा शिवला नाही तर आपल्या घरात काय कालवाकालव होते ते आठवा, म्हणजे त्या कोऱ्या वाक्याचं वजन हाताला लागेल.

मारणाऱ्यांचे शब्द वेगळे ठेवा

आठवणींच्या पुस्तकात आणखी एक भाषा मिसळलेली असते, मारणाऱ्यांची. 'पुनर्वसन', 'विशेष वागणूक', 'अंतिम उपाय' ही कागदावरची नावं. माणसांची मोजणी 'नग' म्हणून. ट्रेब्लिंकाच्या छावणीत गॅसच्या कोठड्यांकडे नेणाऱ्या कुंपणातल्या वाटेला एसएसवाले, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचे लोक, 'स्वर्गाचा रस्ता' म्हणत. व्हिल्नाजवळच्या पोनारीत पुरलेली प्रेतं उकरून जाळायला लावलेल्या कैद्यांपैकी जे वाचले, त्यांनी पुढे सांगितलं की 'प्रेत' हा शब्द तोंडातून काढायला बंदी होती, 'बाहुल्या' म्हणावं लागे. हीसुद्धा लाक्षणिक भाषाच. पण तिचं काम माणूस झाकण्याचं आहे, आणि साक्ष देणाऱ्याच्या रूपकाचं काम तो माणूस परत दाखवण्याचं. वहीत या दोन्हींना एकाच यादीत घालू नका.

कैद्यांचे आपसातले शब्द ही तिसरी जात. लुटलेलं सामान जिथे निवडलं जाई त्या गोदामाला ते 'कॅनडा' म्हणत, म्हणजे सुबत्तेचा देश. उपासमारीने डोळे विझलेल्या, आता जाणारच अशा कैद्यासाठी 'मुझेलमान' हा शब्द होता. भाषांतरात तो सरळ 'मुसलमान' असा छापलेला दिसला तर गोंधळू नका. तो छावणीतला सांकेतिक शब्द आहे, धर्माचं नाव म्हणून तिथे आलेला नाही.

आपल्या तोंडात बसलेले शब्द

अर्थ लिहायला बसलात की मराठी भाषा हाताशी तयार वाक्प्रचार आणून देईल. काळाने घाला घातला. नियतीने हिरावून नेलं. छत्र हरपलं. देवाज्ञा झाली. कर्ताच नसलेली ही वाक्यं आहेत, किंवा कर्ता म्हणून काळ, दैव, देव. म्हातारपणाने किंवा आजाराने गेलेल्या माणसाबद्दल त्यांत एक सभ्य कोवळीक आहे, ती मला प्रिय आहे. पण त्सिपोराला काळाने नेलं नाही. तिला गाडीत कोंबणारे हंगेरियन पोलीस होते, रांगा पाडणारे एसएसचे अधिकारी होते. 'एलीने आई आणि बहीण गमावली' हे वाक्यही तपासा. छत्री गमावतात, तशी त्याने ती गमावली? तुमचं वाक्य पुन्हा लिहा आणि त्यात मारणारा आणा.

'आहुती' आणि 'हौतात्म्य' यांपासूनही लांब राहा. खरं तर 'होलोकॉस्ट' या शब्दातच हा घोळ आहे. ग्रीक भाषेत त्याचा मूळ अर्थ अख्खा जाळून अर्पण केलेला बळी. ऑशविट्झमधून परतलेले इटालियन लेखक प्रिमो लेव्ही यांना तो शब्द याच कारणाने आवडत नसे. हिब्रूतला 'शोआ' म्हणजे महाआपत्ती, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश भाषेतला 'खुर्ब्न' म्हणजे विध्वंस, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसासाठी वापरला जाणारा. मराठीत आपण 'बळी गेले' किती सहज लिहितो. मी आता 'मारले गेले' लिहिते.

आरशातलं प्रेत, आणि आवृत्त्या

'नाइट'चा शेवट बहुतेकांना माहीत असतो. छावणी सुटल्यानंतर एली अन्नातून विषबाधा होऊन दोन आठवडे इस्पितळात जगण्या-मरण्याच्या सीमेवर असतो. एक दिवस कसाबसा उठतो आणि समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघतो. घेट्टोनंतर पहिल्यांदाच. आरशाच्या तळातून एक प्रेत त्याच्याकडे टक लावून बघत असतं. त्याची ती नजर पुढे कधीच सुटली नाही.

डावा रकाना : आरसा, महिनोन्महिने न पाहिलेला स्वतःचा चेहरा, हाडांवर ताणलेली कातडी. प्रत्यक्षातही ते प्रेतासारखंच दिसत असणार. आता सर्वनामं बघा. बघणारा 'मी' आहे आणि आरशातला 'तो'. नजर 'त्याची', ती पडते 'माझ्यावर'. एकाच माणसाचे दोन झाले आणि ते परत जुळल्याचं पुस्तक सांगत नाही. माझ्या मते रूपकाचं सगळं बळ त्या 'तो'मध्ये आहे. 'प्रेत' या शब्दाचा नंबर त्यानंतर लागतो.

आणि इथेच आवृत्तीचा प्रश्न येतो. हे पुस्तक वीझेलनी आधी यिडिशमध्ये लिहिलं, ते १९५६ मध्ये ब्युनॉस आयर्सला निघालं. नाव होतं 'आणि जग गप्प राहिलं'. मग बरंच आटोपशीर होऊन १९५८ मध्ये फ्रेंचमध्ये आलं, १९६० मध्ये इंग्रजीत, आणि २००६ मध्ये त्यांच्या पत्नी मारियन यांनी नवं इंग्रजी भाषांतर केलं. यिडिश मजकुरात आरशाच्या प्रसंगानंतर तो मुलगा मूठ उगारून आरसा फोडतो. फ्रेंचमध्ये आरसा शाबूत राहतो. एकात राग आहे, जगायची उर्मी आहे, दुसऱ्यात कधीही न हलणारी नजर. दोन्ही त्याच माणसाचे. तेव्हा 'लेखकाला काय म्हणायचं आहे' असं लिहिताना कुठल्या भाषेतल्या, कुठल्या वर्षीच्या पुस्तकाबद्दल बोलताय ते एका ओळीत नोंदवा. आपण मराठीत वाचतो तेव्हा तर मध्ये दोन-तीन भाषा गेलेल्या असतात. एखाद्या शब्दावर फार भार टाकण्याआधी शक्य असेल तर दुसरं एक भाषांतर ताडून बघा.

अलंकार नसतो तिथे

नवा वाचक अलंकार दिसला की थांबतो आणि साधं वाक्य आलं की पुढे सरकतो. कित्येकदा उलटं करावं लागतं.

प्रिमो लेव्ही, तुरिनचे रसायनशास्त्रज्ञ, फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतल्या फोस्सोलीच्या छावणीतून ऑशविट्झला पाठवले गेले. त्यांचं पहिलं पुस्तक १९४७ मध्ये आलं. निघण्याच्या आदल्या रात्रीचं वर्णन त्यात आहे. पुरुष आपापल्या परीने ती रात्र घालवतात. आया मात्र प्रवासाचं खाणं करून ठेवतात, मुलांना न्हाऊ घालतात, सामान बांधतात, आणि पहाटे काटेरी तारेवर मुलांचे धुतलेले कपडे वाऱ्यात वाळत असतात. यात 'जणू' नाही, 'सारखं' नाही. काटेरी तार आणि तिच्यावर पोरांची झबली. आपल्या प्रत्येक चाळीच्या कठड्यावर दिसणारं वाळत घातलेलं धुणं. पुढे लेव्ही सांगतात की त्यांच्या डब्यातल्या पंचेचाळीस जणांपैकी चौघंच घरी परतले. त्या वाक्यानंतर तारेवरच्या कपड्यांकडे परत जा.

लेव्हींनी शब्दांच्या अपुरेपणाबद्दलही लिहिलं आहे. भूक, थंडी, थकवा हे शब्द मोकळ्या माणसांनी मोकळ्या माणसांसाठी घडवलेले आहेत. जेवण चुकल्यावर लागते ती भूक, छावणीत होती तिला दुसरा शब्दच नाही. फ्रेंच लेखिका शार्लोत देल्बो, जानेवारी १९४३ च्या गाडीतून ऑशविट्झला गेलेल्या २३० स्त्रियांपैकी परतलेल्या ४९ जणींपैकी एक, तहानेबद्दल असंच म्हणतात. आता 'तहान लागली' म्हटलं तर मला चहा करून द्या, छावणीतली ती तहान वेगळी. म्हणजे साधा शब्दही इथे रूपकासारखा वागतो : तोच उच्चार, आत दुसरंच काही. वाचताना असे शब्द भेटले की त्यांच्याभोवती गोल करा. 'नाइट'मधलं सूप असंच आहे. वॉर्सोच्या एका तरुणाला फाशी दिल्यानंतर त्या संध्याकाळचं सूप फार चविष्ट लागलं, असं एलीला आठवतं. पुढे एका लहान मुलाला फासावर लटकवतात. हलक्या अंगामुळे त्याचा जीव जायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. त्या संध्याकाळी सुपाला प्रेतांची चव येते. दुसरं वाक्य सगळे उद्धृत करतात. मला पहिलं जास्त हादरवतं, कारण काय गेलं होतं ते त्याला त्या क्षणी जाणवतही नव्हतं.

स्वतः लिहिताना

आता उजवा रकाना भरा. एकच ओळ घ्या, पाच-सहा वाक्यं लिहा, आणि एखाद्याला मोठ्याने वाचून दाखवा. 'प्रतीक आहे' हे शब्द एकदाही न वापरता लिहून बघा. खाली आमच्या कट्ट्यावर एका वाचकाने लिहिलेला परिच्छेद त्याच्या परवानगीने देते, वडिलांच्या मृत्यूच्या पानाबद्दलचा. तो बारावीला आहे, आणि हे त्याचं तिसरं लेखन आहे. पहिल्यात 'पितृछत्र हरपल्याची वेदना' असे शब्द होते.

"२९ जानेवारी १९४५ च्या पहाटे एली उठतो तेव्हा वडिलांच्या फळीवर दुसराच आजारी माणूस झोपलेला असतो. वडिलांना रात्रीतून भट्टीकडे नेलेलं असतं, कदाचित श्वास चालू असतानाच. एली म्हणतो, त्यांच्या थडग्यावर कुणी प्रार्थना म्हटली नाही, त्यांच्यासाठी दिवा लावला नाही. पण थडगं नव्हतंच. त्याने हा शब्द का वापरला याचा मी बराच वेळ विचार केला. मला वाटतं, मुलाने वडिलांसाठी करायच्या गोष्टींची यादी त्याच्या मनात लहानपणापासून होती आणि त्या यादीत थडगं होतं, म्हणून ते वाक्यात आलं. यादीतली एकही गोष्ट त्याला करता आली नाही. मग तो शेवटची गोष्ट सांगतो, जी यादीत नव्हती : वडिलांचा शेवटचा शब्द म्हणजे त्याचं नाव होतं. त्यांनी हाक मारली आणि त्याने ओ दिली नाही."